धुळ्याची सावली, कोल्हापूरची शंका

21 मार्चला दुपारी सव्वा वाजता कोल्हापूरच्या आणि धुळ्याच्या एकेका शाळेचा नववीचा वर्ग व्हिडिओ कॉलवर जोडला गेला. सामायिक शीटमध्ये पृथ्वीचा परीघ आला 33 हजार किलोमीटर. खरा आकडा 40 हजार. मुलं हिरमुसली.

प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनीसने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि आस्वानच्या सावल्यांवरून केलेला हा प्रयोग एकट्या शाळेला जमतच नाही. अर्धं गणित दुसऱ्या गावात असतं. काठी आणि तिच्या सावलीच्या लांबीवरून सूर्यकिरणांचा काठीशी होणारा कोन काढायचा. दोन गावांच्या कोनांतला फरक 360 अंशांचा जितकावा भाग, तितकावाच भाग त्यांच्यातलं अंतर परिघाचा असतं. कोल्हापूर आणि धुळे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, म्हणून ही जोडी निवडली. दोन्हींमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर पट्टी लावून मोजायचं, ते 465 किलोमीटर भरतं. रस्त्याचं सहाशेच्या आसपासचं अंतर घेतलं तर परीघ 51 हजारांवर जातो. अक्षांशांच्या फरकाला 111 ने (एका अंशाचे किलोमीटर) गुणून अंतर काढूनही चालत नाही, कारण त्या 111 मध्ये परीघ आधीच दडलेला असतो.

दोन्हीकडे एक मीटरची काठी आणि प्लायवुडवर चिकटवलेला ड्रॉइंग पेपर. 12:20 ते 1:00 दर दोन मिनिटांनी टोकाच्या सावलीवर खूण करायची आणि त्यातली सर्वांत आखूड सावली घ्यायची. ती घड्याळातल्या बाराला येत नाही. त्या दिवशी कोल्हापुरात ती 12:40 ला आली, धुळ्यात 12:38 ला. सावलीचं टोक पुसट असतं, कारण सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं. पुसट पट्ट्याच्या मध्यावर खूण करायची, हे आदल्या दिवशीच दोन्ही वर्गांनी ठरवून घेतलं होतं. इथे एक सेंटिमीटर चुकलं की कोन अर्ध्या अंशाने चुकतो, आणि इथे तर सगळा फरकच सव्वाचार अंशांचा.

मोजणी चालू असताना कॉल बंदच ठेवतो. उन्हात फोन तापतो आणि मुलांचं लक्ष सावलीवरून स्क्रीनवर जातं. कॉल नंतर वर्गात, एका खोलीत एकच माइक चालू ठेवून. दोन चालू राहिले की शिट्टी घुमते आणि कोणाचंच बोलणं कळत नाही.

परिघाच्या आकड्यावर सगळे गप्प असताना कोल्हापूरच्या एका मुलीने विचारलं, "आमचा अक्षांश 16.7 आणि कोन 16.5 आला. तुमचा अक्षांश 20.9, मग कोन 21.6 कसा? आमचा कमी आणि तुमचा जास्त?"

शंका अगदी नेमकी होती. सूर्य नेमका विषुववृत्तावर असला तर सर्वांत आखूड सावलीचा कोन अक्षांशाइतकाच येतो. त्या दिवशी तो विषुववृत्त ओलांडून जरासा उत्तरेला आला होता, म्हणजे दोन्हीकडचे कोन अक्षांशापेक्षा थोडे कमीच यायला हवे होते. धुळ्याचे सर तिथूनच ओरडले, "काठीला हात लावू नका रे कोणी!" काठी अजून मैदानातच उभी होती. फोन घेऊन सगळा वर्ग बाहेर धावला. एका मुलाने शिवणाच्या दोऱ्याला नट बांधून काठीच्या टोकावरून ओळंबा सोडला. नट हेलकावे खात थांबला तो काठीच्या बुंध्यापासून 17 मिलिमीटर उत्तरेला. काठी एका अंशाने कलली होती. एवढा कल डोळ्यांना दिसत नाही. कोल्हापूरकरांनी तो नट स्क्रीनवर पाहिला आणि इकडे गलका झाला.

कागदावरच्या खुणा शाबूत होत्या. नटाखालच्या बिंदूपासून मोजल्यावर 39.6 ऐवजी 37.9 सेंटिमीटर आले. कोल्हापूरची सावली 29.7 होती, त्यांनी ओळंबा सकाळीच लावून पाहिला होता. शीटमध्ये नवा आकडा भरताच परीघ 39,700 च्या जवळ आला.

काठी उपटली असती तर दोन्ही शाळांना पुन्हा एकाच दिवशी मोजावं लागलं असतं. विषुवदिनाच्या आसपास सूर्य रोज 0.4 अंश सरकतो, त्यामुळे एकाचं आजचं आणि दुसऱ्याचं उद्याचं माप जुळत नाही. आता शाळांना पाठवायच्या सूचनांमध्ये पहिल्याच दोन ओळी अशा आहेत: सावली बुंध्यापासून नव्हे, ओळंब्याच्या बिंदूपासून मोजा. कॉल संपेपर्यंत काठी आणि कागद जागचे हलवू नका.