चेंबरच्या ड्रेन नटचे आटे गेले तर

नाशिकहून पिंपळगावला रोज माल नेणाऱ्या पिकअपच्या चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन नट, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा नट, आवळला न जाता नुसताच फिरत असेल, तर टेफलॉन टेप किंवा एमसील लावून गाडी काढूच नका. ऑइल गळून प्रेशर गेलं की बेअरिंग जातात, क्रँकही खराब होतो.

आधी नट काढून बघा. आटे नटाचेच गेले असतील तर नवा नट आणि नवा तांब्याचा वायसर, काम संपलं. चेंबरचे गेले असतील तर चेंबर कशाचा आहे ते चुंबक लावून ठरवा: चिकटलं तर पत्रा, नाही तर अ‍ॅल्युमिनियम. पत्र्याचा असेल तर तो उतरवून, डिझेलने नव्हे, डिटर्जंटने धुऊन, पूर्ण वाळवून नवा बॉस (आटे असलेली जाड कडी) वेल्ड करून घेता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला हेलीकॉइलच, म्हणजे नव्याने पाडलेल्या आट्यांत बसवायची तारेची गुंडाळी. मोठ्या मापाचा सेल्फ-टॅपिंग नट ठोकू नका, चेंबर तडकतो. हेलीकॉइलसाठी आटे पाडताना टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस भरा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे घ्या. टॅप तिरका गेला की वायसर बसत नाही, गळती कायम राहते. शेवटी नट न लावता वरून अर्धा लिटर स्वस्त ऑइल ओतून धातूचा कीस वाहू द्या.

नट आधी हाताने बसवा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळा. एअर गन नकोच. आटे अनेकदा तिनेच जातात.