तळाची मंडळी

पाहुण्यांना कौतुकाने दाखवण्यासाठी माशांची टाकी ठेवायची असेल, तर लोच, म्हणजे तळाशी राहणारे हे मासे, पाळू नयेत. पाहुणे काचेला नाक लावून विचारतात, "यात मासे आहेत ना?" आणि आपण वाळूकडे, लाकडाच्या ओंडक्याखाली, फिल्टरमागच्या फटीकडे बोट दाखवत बसतो. कुहली लोच असतील तर विचारूच नका. गांडुळासारखे सडपातळ, पट्ट्यापट्ट्यांचे हे जीव दिवसभर वाळूत शिरलेले. एकदोनच दिसतात, बाकीचे गेले म्हणून मनाची समजूत घालावी, तर टाकी आवरताना झाडांच्या मुळांतून सगळी पलटण बाहेर पडते.

बहुतेक घरांत लोच येतो तो कामाला. टाकीत गोगलगायी माजतात, कुणीतरी सुचवतं, क्लाऊन लोच सोड. तो त्या खातो, अगदी शंखातून ओढून खातो. पण गोगलगायी संपल्या तरी कामगार राहतोच. तो 20 वर्षंही जगतो. सुमात्रा-बोर्निओच्या नद्यांतला हा केशरी-काळा मासा दुकानात बोटाएवढा दिसतो, पुढे फूटभर होऊ शकतो. शिवाय एकटा ठेवला तर झुरतो, पाच-सहा जणांचा गोतावळा लागतो. म्हणजे मूठभर गोगलगायींपायी भलीमोठी टाकी आणि दोन दशकांचा संसार! मला हा सौदा मनापासून आवडतो.

कारण त्याचे नखरे. क्लाऊन लोच झोपतो तो चक्क कुशीवर, कधी उताणासुद्धा. नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. जड मनाने जाळी आणावी, तर पठ्ठा उठून चालू लागतो. खाणं रंगात आलं की टकटक आवाज काढतो, तो टाकीबाहेरही ऐकू येतो. डोळ्याखाली काटा दडवलेला असतो. डिवचलं की तो उभा राहतो आणि जाळीत अडकतो, म्हणून पकडायला जाळीपेक्षा डबा बरा. खवले मात्र अगदी बारीक, कातडीत रुतलेले. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बहुधा आधी यालाच गाठतो, आणि औषधाचा पुरा डोस याला सोसेलच असं नाही. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय मला लोचांनीच लावली.

वेदर लोचची तऱ्हा आणखी वेगळी. पाण्यात प्राणवायू कमी पडला की तो वर येऊन हवेचा घोट घेतो आणि आतड्यातून श्वास घेतो. वादळापूर्वी हवेचा दाब बदलला की बेचैन होऊन टाकीभर येरझाऱ्या घालतो. एरवी ढिम्म.

सगळेच लोच घरी आणावेत असं मात्र नाही. सह्याद्रीतल्या नद्यांत झेब्र्यासारख्या पट्ट्यांचा बोटिया स्ट्रायाटा राहतो. देखणा आहे, टाकीत रुळतोही. पण आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. विकणाऱ्याला तो नदीतून आणलाय की हौदात वाढवलाय हे सांगता आलं नाही, तर मी तो घेत नाही.