ड्वार्फचा पॅलाडिन कसा केला : माझा अनुभव

बाल्डर्स गेट या जुन्या कॉम्प्युटर गेमचं एनहान्स्ड एडिशन, म्हणजे सुधारून काढलेली नवी आवृत्ती, घेतलंय आणि त्यात ड्वार्फचा (बुटक्या दणकट वंशातल्या गड्याचा) पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेला योद्धा, करायचाय असं कुणाच्या डोक्यात असेल तर हे वाचा, कारण गेम तुम्हाला तो सरळ करू देत नाही आणि सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी त्याचा ऑप्शन सापडणार नाही, तो नाहीच आहे. मी शेवटी केला आणि तो मस्त चालतोय.

आधी हे असं का होतं ते सांगतो. मूळ गेम बायोवेअरचा, १९९८ चा, आणि तो एडी अँड डी, म्हणजे ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स या कागदावरच्या खेळाच्या नियमांच्या सेकंड एडिशनवर बांधलेला. त्या नियमात तुम्ही कुठल्या वंशात जन्मलात यावर तुम्ही काय होऊ शकता, म्हणजे कुठला क्लास (पेशा) घेऊ शकता ते ठरतं. पॅलाडिन फक्त माणूस. ड्रुइड, म्हणजे निसर्गाचा पुजारी, माणूस किंवा हाफ-एल्फ (अर्धा माणूस, अर्धा एल्फ). ड्वार्फला जादूगार होता येत नाही, फायटर (लढवय्या), क्लेरिक (देवाचा पुजारी), थीफ (चोर) यातच फिरायचं. नोम या छोट्या वंशाला जादू करायची तर इल्युजनिस्टच (भास निर्माण करणारा जादूगार) व्हायचं. दोन क्लास एकत्र वाढवायचे म्हणजे मल्टिक्लास, ते माणसाला नाही, बाकीच्यांना आहे. उलट एक क्लास सोडून दुसरा धरायचा म्हणजे ड्युअल क्लास, ते फक्त माणसाला. २००० साली थर्ड एडिशन आलं आणि त्यांनी हे वंश-क्लासचं कुलूप काढून टाकलं, २००२ च्या नेव्हरविंटर नाइट्समध्ये ड्वार्फ पॅलाडिन आरामात होतो, २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये तर कुणीही काहीही व्हा. पण बीमडॉग कंपनीने २०१२ ला पहिल्या भागाचं एनहान्स्ड एडिशन काढलं तेव्हा मोठ्या स्क्रीनसाठी बदल केले, झूम दिला, दुसऱ्या भागातले किट, म्हणजे क्लासचे उपप्रकार, इकडे आणले, नवीन साथीदार घातले, आणि हे कुलूप मात्र १९९८ मध्ये होतं तसंच ठेवलं.

माझी भाची मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आमच्याकडे सोलापूरला येते. मे मध्ये सोलापुरात दुपारी कुणी बाहेर पडत नाही, कूलर लावून घरात बसायचं. मी तिला गेम दाखवायला बसलो. तिने ड्वार्फ निवडला, कारण तिला तो ठेंगणा दणकट गडी आवडला, मग क्लासची यादी आली, मी पॅलाडिन म्हणजे काय ते सांगितलं, देवाची शपथ घेऊन दुबळ्यांच्या बाजूने लढणारा योद्धा, आणि ती म्हणाली मला हाच पाहिजे. निवडता येईना. "मामा, हे का दबत नाही?" मी म्हणालो ड्वार्फ आहे म्हणून. "मग काय झालं? तो चांगला नसतो का?"

आता याला उत्तर काय देणार. ड्वार्फ चांगला असतो की. त्याच गेममध्ये क्लोकवुडच्या खाणीत यस्लिक म्हणून ड्वार्फ भेटतो, फायटर-क्लेरिक, लॉफुल गुड म्हणजे नियमाने वागणारा सज्जन, देवाचा माणूस, लढणारा. पॅलाडिन होण्यासारखं सगळं त्याच्यात आहे, फक्त जन्म चुकला. दुसऱ्या भागात मॅझी आहे, हाफलिंग, म्हणजे आणखी एका बुटक्या वंशातली. पॅलाडिन व्हायचं हे तिचं आयुष्यभराचं स्वप्न, ती वागतेही अगदी तशीच, आणि गेम तिला फायटर म्हणूनच ठेवतो, वर काही खास शक्ती देऊन समजूत काढल्यासारखं करतो. मला मॅझी या सगळ्या मालिकेतलं सगळ्यात सुंदर पात्र वाटतं आणि तिच्यावर अन्याय झालाय असंही वाटतं, ते मी मोकळेपणाने सांगतो.

आणि नियम तरी सगळ्यांना सारखा लावावा ना. एनहान्स्ड एडिशनमध्ये डॉर्न म्हणून नवीन साथीदार आहे, तो हाफ-ऑर्क ब्लॅकगार्ड. ब्लॅकगार्ड हा पॅलाडिनचाच किट, वाईट बाजूचा! आपण हाफ-ऑर्क घेतला तर पॅलाडिनच्या जवळपास जाता येत नाही आणि डॉर्न आरामात फिरतोय. दुसऱ्या भागातली एरी एल्फ असून क्लेरिक-मेज (पुजारी आणि जादूगार दोन्ही) आहे, आपल्या एल्फला ते जमत नाही. म्हणजे लिहिणाऱ्यांना गोष्टीसाठी गरज वाटली तिथे त्यांनी स्वतःच कुलूप उघडलं. मग खेळणाऱ्याने का नाही उघडायचं?

पहिला रस्ता मी घेतला तो ईई कीपरचा. हे सेव्ह फाइल बदलायचं टूल आहे. माणसाचा पॅलाडिन बनवायचा, सेव्ह करायचा, मग टूलमध्ये रेस बदलून ड्वार्फ करायची. होतं, पण समाधान होत नाही, कारण वंशाचे प्लस-मायनस गेम फक्त पात्र बनवताना लावतो, नंतर नुसता वंश बदलला तर आकडे माणसाचेच राहतात, आणि स्क्रीनवर दिसणारी आकृतीही माणसाचीच, ती वेगळ्या जागी नोंदलेली असते. तीसुद्धा बदलता येते, सगळे आकडे हाताने बसवता येतात, पण भाचीला पात्र स्वतः पहिल्या पायरीपासून बनवायचं होतं आणि ते मला पटलं.

दुसरा रस्ता ट्विक्स अँथॉलॉजी नावाच्या मॉडचा (मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनी केलेली, गेम बदलणारी जोडणी), तो खूप जण वापरतात आणि चांगला आहे, त्यात वंशाच्या अटी काढायचे वेगवेगळे भाग आहेत, सिंगल क्लाससाठी वेगळा, मल्टिक्लाससाठी वेगळा, किटसाठी वेगळा. ज्याला सगळंच मोकळं पाहिजे त्याने डोळे झाकून हाच घ्यावा. मला मात्र एकच दार उघडायचं होतं आणि ते कसं उघडतं तेही बघायचं होतं.

म्हणून नियर इन्फिनिटी. हा या गेमच्या फाइली उघडायचा एडिटर, जावा या सॉफ्टवेअरवर चालतो. पहिल्यांदा उघडला की गेमच्या फोल्डरमधली चिटिन डॉट की ही फाइल दाखवायची, मग डावीकडे सगळ्या प्रकारच्या फाइलींची झाडासारखी यादी येते. त्यात टूडीए म्हणून प्रकार आहे, ती म्हणजे साधी टेबलं. आपल्याला पाहिजे त्या टेबलाचं नाव सी-एल-एस-आर-सी-आर-ई-क्यू. उघडलं तर आत काय, एका बाजूला क्लासची नावं, वर वंशांची नावं, आणि मधे शून्य आणि एक. एक म्हणजे परवानगी आणि शून्य म्हणजे नाही.

ते बघून मी दोन मिनिटं गप्प बसलो. नाना, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम करत होते, जॅकार्डसाठी ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे, भरलेला चौकोन म्हणजे धागा वर, रिकामा म्हणजे खाली, आणि त्यातून चादरीवर मोर उठायचा. हे टेबल हुबेहूब तसलंच होतं. मी नानांना बोलावून दाखवलं. "काय करायलास रे हे?" म्हणाले. मी सांगितलं की या चौकोनात शून्य आहे म्हणून ह्या गड्याला ते काम करता येत नाही. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "मग एक टाक की."

आमच्या घरात आजोबा मागावर बसले कारण त्यांचे वडील मागावर बसायचे, दुसरं काही विचारायची सोयच नव्हती. नाना शिकले, डिझाइनला गेले, त्यासाठी त्यांना किती जणांचं ऐकून घ्यावं लागलं ते आम्हाला माहीत आहे. म्हणून मला हा नियम गेममध्येसुद्धा टोचतो. जन्मावरून काम ठरवायचं हे मला खेळातही सहन होत नाही, आणि ज्यांना "त्यात काय एवढं, गेम तर आहे" असं वाटतं त्यांनी भाचीचा तो प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघावा.

तर पॅलाडिनची ओळ, ड्वार्फचा रकाना, शून्याचं एक केलं आणि सेव्ह. सेव्ह केल्यावर बदललेली फाइल ओव्हरराइड नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि मूळ फाइल गेमच्या बीआयएफ या गठ्ठा-फाइलीत तशीच राहते, त्यामुळे भीती नाही, नको वाटलं तर ओव्हरराइडमधली ती एक फाइल काढून टाका, गेम पहिल्यासारखा. फक्त आधीच दुसरे मॉड टाकलेले असतील तर ओव्हरराइडमध्ये त्या नावाची फाइल असू शकते, तिची कॉपी बाजूला ठेवून मगच हात लावा.

इथे खरी मेख आहे आणि ती कुणी सांगत नाही. पॅलाडिन व्हायला किमान आकडे लागतात, ताकद १२, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) ९, विस्डम (शहाणपण) १३ आणि करिश्मा (छाप) १७. आणि ड्वार्फला या गेममध्ये कॉन्स्टिट्यूशनला एक जास्त, डेक्स्टेरिटीला (चपळाईला) एक कमी आणि करिश्म्याला दोन कमी. कमाल १८ असतात, त्यातून २ गेले, १६ राहिले. म्हणजे अट १७ ची आणि त्याची कमाल मर्यादाच १६. दार उघडलं तरी उंबरा इतका उंच ठेवलाय की हा गडी ओलांडूच शकत नाही. म्हणून दुसरं टेबल उघडायचं, ए-बी-सी-एल-ए-एस-आर-क्यू, त्यात क्लासच्या किमान अटी असतात, तिथे पॅलाडिनचा करिश्मा १७ चा १६ केला. ड्वार्फचे दोन मायनस काढून टाकायचा पर्यायसुद्धा होता, वंशाच्या बेरीज-वजाबाकीचं टेबल वेगळं आहे. ते मी मुद्दाम केलं नाही.

कारण नियमाच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. माणसाला या नियमात जन्मजात काहीच मिळत नाही, आणि ड्वार्फला कॉन्स्टिट्यूशन १८ किंवा वर असेल तर जादू, कांडी आणि विषाविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोमध्ये (त्यातून वाचायच्या फाशात) ५ चा फायदा, त्यात पॅलाडिनचा स्वतःचा २ चा. दोन्ही एकत्र आले की हा गडी पहिल्या लेव्हलपासून फार चिवट होतो. कागदावरच्या मूळ खेळात याचा तोल सांभाळायला माणूस सोडून बाकीच्यांना लेव्हलची मर्यादा होती, ती बाल्डर्स गेटमध्ये घेतलीच नाही, इथे सगळ्यांना सारखीच एक्स्पीची (अनुभवाच्या गुणांची) मर्यादा, पहिल्या भागात ८९,०००, टेल्स ऑफ द स्वोर्ड कोस्ट ही पुरवणी धरून १,६१,०००. म्हणजे माणसाकडे राहिलं काय, तर काही राखीव क्लास आणि ड्युअल क्लास. हे मला समजतं. पण तोल सांभाळायचा तर आकड्यांनी सांभाळा, करिश्मा कमी करा, डेक्स्टेरिटी कमी करा, ते मी सगळं मान्य केलं आणि ठेवलं. दार बंद करणं हा तोल नाही.

आणि एक अट मी हलवली नाही, अलाइनमेंटची, म्हणजे पात्र चांगल्या-वाईटाच्या कुठल्या बाजूला आहे त्याची. साधा पॅलाडिन लॉफुल गुडच पाहिजे आणि रेप्युटेशन फार घसरलं तर तो पॅलाडिनपणाच गमावतो. भाचीने विचारलं हेही काढायचं का, मी नाही म्हणालो. शपथ माणूस स्वतः घेतो, ती मोडली तर त्याची किंमत मोजलीच पाहिजे, त्याशिवाय पॅलाडिन खेळण्यात अर्थ काय. वंश कुणी स्वतः घेत नाही. माझ्या दृष्टीने रिमास्टर करणाऱ्यांनी एवढाच फरक ओळखून एक टिक करायचा चौकोन दिला असता तरी पुरलं असतं, ज्याला जुने नियम पाहिजेत त्याला जुने, आणि जुने पाहिजेत म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

किटचं टेबल आणखी वेगळं असतं, कॅव्हेलियर इन्क्विझिटर वगैरे पाहिजे असतील तर तेही बघावं लागेल, आम्हाला साधाच पॅलाडिन पाहिजे होता म्हणून तिकडे गेलो नाही. दुसरा भाग वेगळा इन्स्टॉल होतो आणि त्याचं ओव्हरराइड फोल्डरही वेगळं, तिथेही पात्र नव्याने बनवायचं असेल तर हे सगळं परत करा.

नवीन गेम सुरू केला, ड्वार्फ निवडला, पॅलाडिन दाबला गेला, करिश्मा बरोबर १६ वर येऊन थांबला. भाचीने ओरडून नानांना आतून बोलावलं. आता तिची टोळी कँडलकीप हे सुरुवातीचं ठिकाण सोडून नॅश्केलच्या खाणी संपवून पुढे गेलीय, यस्लिकला घ्यायचंच असं तिने ठरवलंय.

पुढच्या वेळी तिला मॅझीसारखी हाफलिंग पॅलाडिन करायची आहे. मी आकडे बघून ठेवलेत, हाफलिंगला ताकद आणि विस्डम एकेक कमी, डेक्स्टेरिटी एक जास्त, करिश्म्याला कपात नाही, म्हणजे कमाल १८ होतो आणि किमान अटी सगळ्या बसतात. दुसऱ्या टेबलाला हात लावायची गरज नाही, पहिल्यातला एकच चौकोन बदलायचा.