तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याकडं पानं रंगतात का?

“काश्मीरला चाललोय, चिनार लाल झालाय म्हणं. आपल्यात तसलं काय नसतंय का ओ?”

दिवाळीच्या आगंमागं हे कुणी ना कुणी विचारतंच, कारण मी संध्याकाळी पन्हाळ्याच्या उतारावर झुडपं बघत हिंडतो हे आता सगळ्यांना माहीत झालंय. असतंय की! फक्त अख्खा डोंगर एकदम रंगत नाही.

तिकडं थंडी सगळ्या झाडांना एकदमच गाठते. आपल्याकडं इशारा मिळतो तो मुख्यतः पाणी आटल्याचा, आणि पाणी ज्याचं त्याचं वेगळं आटतं. जांभ्याच्या फटीत मुळं रोवलेला कुडा पिवळा पडलेला असतो, तेव्हा ओढ्याकाठचा कुडा अजून हिरवागार. करवंद आणि अंजनी तर या भानगडीत पडतच नाहीत. पान सोडायच्या आधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडून कामाचं तेवढं फांदीत ओढून घेतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, तो उघडा पडतो. लाल मात्र बहुतेक नव्यानं तयार होतो, साखर आणि उन्हाच्या जोरावर. म्हणून एकाच पानाची उन्हातली बाजू तांबडी आणि दुसऱ्या पानाखाली झाकलेला तुकडा हिरवट, असं दिसतं.

धायटी बघा. लांबट टोकदार पान, देठ जवळजवळ नाहीच, खालच्या अंगाला मऊ लव आणि त्यात बारीक काळे ठिपके. दुपारी पाठीवर ऊन घेऊन बघितलं तर जून झालेलं पान नुसतं विटकरी, धूळ बसल्यासारखं. साडेपाचला उलटं करा. सूर्य समोर, झुडूप मधे. आता उजेड पानावरून नाही, पानातून येतो. शिरा काळपट उठतात आणि मधली जागा डाळिंबी होते. आणखी थोडं थांबलात तर सूर्य खाली जातो तसा निळा उजेड वाटेतल्या हवेतच विखरून जातो, आणि तेच पान भगव्याकडं झुकतं. पान तेच, उजेड बदलला. फोटोत हे नीट येत नाही, उगाच मोबाईलला दोष देऊ नका.

या तिरप्या उजेडाचं कोल्हापूरकरांना कौतुक सांगायची गरजच नाही. मावळतीची किरणं देवळात शिरून थेट मूर्तीवर पडतात तो अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात ९ ते ११ ला आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, कारण या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो. मधल्या काळात तो आणखी दक्षिणेला सरकून माघारी येतो. डिसेंबराच्या अखेरीस तर भर दुपारीही तो साधारण ५० अंशांवरच असतो. मे महिन्यात डोक्यावर येतो. झुडपांचे रंग बघायचे ते याच दोन किरणोत्सवांच्या मधे. त्यात उसाचा हंगाम. पाचट पेटवलेल्या संध्याकाळी हवा इतकी गढूळ असते की सूर्य तांबड्या थाळीसारखा दिसतो. डोळ्याला बरं, छातीला वाईट.

खरा घोटाळा वणव्याचा. जानेवारीत गवत वाळलं की कुणीतरी काडी लावतं, पुढल्या साली गवत जोमानं येतं म्हणून. मला हे कधी पटलेलं नाही. गवताबरोबर कुड्याची, मुरुडशेंगेची पोरं जळतात, आणि ज्या उतारावर रंग बघायला गेलो तिथं राख.

म्हणून डिसेंबरातच जा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर रविवार टाळा, धायटीची फांदी तोडून घरी आणू नका. तिची लाल फुलं पुढं यायची असतात. आणि हे सगळं हुकलंच, तर मार्चात कुसुंबाला लालभडक पालवी फुटते. ती पानगळ नव्हे, पण काश्मीरहून आलेल्या पाहुण्याला फरक कळायचा नाही.