कामिकात्सू : वाड्यावाड्यांतून विखुरलेले नगर

जपानच्या शिकोकू बेटावरील तोकुशिमा शहरातून कात्सुउरा नदीच्या काठाने सुमारे 40 किलोमीटर आत गेले, की दरी चिंचोळी होत जाते आणि कामिकात्सूची हद्द लागते. कागदोपत्री हे ‘चो’ म्हणजे नगर असले, तरी येथे बाजारपेठ किंवा मुख्य चौक शोधू नये. ताकाहोको आणि फुकुहारा ही दोन गावे 1955 मध्ये एकत्र करून हे नगर झाले. सुमारे 110 चौरस किलोमीटरचा हा प्रदेश बहुतांश जंगलाने, त्यातही लागवड केलेल्या सुगी (जपानी देवदार) वृक्षांनी व्यापलेला आहे. लोकसंख्या 1,500 हूनही कमी असून निम्म्याहून अधिक रहिवाशांनी पासष्टी ओलांडली आहे. ही माणसे नदीकाठापासून उंच उतारांपर्यंत पसरलेल्या पन्नासेक वाड्यांमध्ये राहतात. कोकणातल्या वाड्या पाहिलेल्यांना ही रचना चटकन उमगेल.

काशिहारा येथील भाताची खाचरे पाहिल्यावर या भूगोलाची खरी कल्पना आली. दगडी बांधांनी सावरलेली काही खाचरे इतकी अरुंद आहेत, की त्यांत यंत्र वळवणेही अवघड व्हावे. सपाट जमीन नाही, म्हणून येथे संत्र्यासारख्या मिकानच्या बागा होत्या. 1981 च्या कडाक्याच्या थंडीत त्या करपल्या. पुढे 1986 पासून जपानी जेवणाच्या ताटात सजावटीसाठी लागणारी मेपल, नंदिना इत्यादींची पाने शहरांना पुरवण्याचा व्यवसाय उभा राहिला. पान वजनाला हलके असते आणि झाड घरालगतच्या उतारावर वाढते, त्यामुळे वयोवृद्ध आजींनाही हे काम झेपते.

कचऱ्याची व्यवस्थाही मला याच भूगोलातून आलेली वाटते. येथे घंटागाडी नाही. ओला कचरा घरीच जिरवून बाकीचा रहिवासी स्वतः नगराच्या कचरा केंद्रावर आणतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. प्रत्येक पेटीवरील फलकावर ती वस्तू कोठे जाते, तिचे पुढे काय होते आणि त्यासाठी नगराला किती येन मोजावे लागतात किंवा मिळतात, हे लिहिलेले असते. हातातली पाण्याची एक बाटली मी झाकण, वेष्टन आणि बाटली अशी तीन ठिकाणी टाकली, तेव्हा तो फलक मी पुन्हा एकदा नीट वाचला. केंद्राच्या आवारातील लहानशा हॉटेलात आगमनाच्या वेळी मुक्कामाला पुरेल एवढाच साबणाचा तुकडा आपल्या हाताने कापून घ्यायचा असतो. तेथील खोल्या मोजक्याच असल्याने आरक्षण बरेच आधी करावे.

बसने जाणाऱ्यांनी योकोसे-निशी येथे गाडी बदलावी. फेऱ्या कमी असल्याने परतीची वेळ आधीच टिपून ठेवावी. त्यापेक्षा तोकुशिमातून मोटार भाड्याने घेणे सोयीचे आहे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय चालक परवाना चालतो, मात्र मूळ परवानाही सोबत ठेवावा. वाड्यांकडे चढणारे रस्ते एकपदरी आहेत. समोरून गाडी आल्यास मागे घेण्याची तयारी हवी, वळणावरील आरशांकडे सतत लक्ष हवे आणि अंधार पडल्यावर नवख्याने तिकडे जाऊच नये. रोख येन जवळ ठेवावेत. शाकाहारी मंडळींनी जेवणाची सोय आधी ठरवावी, कारण भाजीच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. बांधांवरून चालताना शेतकऱ्याची परवानगी घ्यावी. तिकडच्या उन्हाळ्यात (जुलै-ऑगस्ट) गेल्यास येथला आवा-बांचा हा चहा अवश्य प्यावा. चहाची पाने उकळून, मळून, पिंपात आंबवून मग उन्हात वाळवतात, त्यामुळे त्याला सौम्य आंबूस चव येते.