गोरोबाकाकांच्या गावातली वज्री

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला माणसं येतात ती गोरोबाकाकांसाठी. दर्शन झालं, प्रसाद घेतला की गाडीला स्टार्टर. गावातल्या संग्रहालयाकडे वळणारे थोडे.

हे संग्रहालय सुरू झालं ते एका माणसाच्या नादापायी. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांना जुन्या वस्तू जमवायचं वेड. तेरची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती, मोठी दिलदार. चांगला पाऊस झाला की मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. बाकीचे पाय देऊन पुढे जात, हे वाकत. ना पगार, ना हुद्दा. ‘हे भंगार कशाला घरात?’ हा प्रश्न घरी निघालाच असणार. कुठल्या घरात निघत नाही? पुढे संग्रह सरकारकडे गेला आणि संग्रहालयाला त्यांचंच नाव लागलं.

तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई, तिथून समुद्रापार. इथे मिळालेल्या हस्तिदंती बाहुलीशी मिळतीजुळती एक बाहुली 1938 मध्ये थेट इटलीत, पॉम्पेईत निघाली. म्हणजे 79 साली ज्वालामुखीने गाडलेल्या शहरात!

बाहुलीचं कौतुक सगळेच करतात. माझा पाय अडतो तो सातवाहनांच्या काळातल्या, भाजलेल्या मातीच्या वज्रीपाशी. मुठीत मावेल एवढी, घासायची बाजू मुद्दाम खरबरीत. मलमल भडोचला रवाना करून दमलेल्या कुणीतरी संध्याकाळी हिनेच टाचा घासल्या असतील. रोमशी व्यापार वगैरे ठीक, पण भेगा त्यांनाही पडत होत्या, हे कळल्यावर सातवाहन एकदम शेजारी राहायला आल्यासारखे वाटतात.

आणि ती भाजणारा कुंभार गोरोबाकाकांच्या हजारेक वर्षं आधीचा! संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं हे काकांनी पारखलं आणि नामदेव कच्चे निघाले, ही गोष्ट आपल्याला पाठ असते. त्याच मातीतली त्यांच्या पूर्वसुरींची मडकी मात्र न बघताच आपण परततो.

माझं म्हणणं एवढंच, की अशा वस्तूंखाली काळासोबत आणखी एक ओळ हवी: कुणाच्या रानात निघाली, कुळवताना की विहीर खणताना, आणि कुणी आणून दिली. जमवणाऱ्याला ते तोंडपाठ असतं. तो आहे तोवर कुणीतरी वही घेऊन त्याच्यापाशी बसायला हवं.