मालक अंथरुणाला खिळला तर धंद्याचं काय?

धंदा करणारी माणसं लाइफ इन्शुरन्स काढतात, मालाचा, आगीचा विमा काढतात, पण आपण जिवंत आहोत आणि काम मात्र करता येत नाहीये, ही शक्यता कुणी धरतच नाही. लाइफ इन्शुरन्सचे पैसे माणूस गेल्यावर मिळतात, हेल्थ इन्शुरन्स हॉस्पिटलचं बिल भरतो, आणि मधले आठ-दहा महिने जागेचं भाडं, पगार, लोनचे हप्ते कुठून भरायचे याचं उत्तर या दोन्हींत नाही. आणि हे फक्त अपघातानेच होतं असं नाही हं, पाठीचं दुखणं, कॅन्सर, हार्टचा त्रास, डिप्रेशन, यातलं काहीही माणसाला महिनोनमहिने घरी बसवू शकतं.

सगळ्यात आधी अडतं ते सहीपाशी. समजा मालकाला स्ट्रोक आला आणि चार दिवसांवर पगार आहेत. खात्यात पैसे आहेत, पण सही एकट्या मालकाची, ओटीपी येतो त्याच्या फोनवर, फोन लॉक, आणि त्याला धड बोलताही येत नाहीये. बायको बँकेत जाऊन हात जोडते पण बँक तरी काय करणार, नियमाने तिला त्या खात्याला हात लावता येत नाही. म्हणजे पैसा असून धंदा बंद! म्हणून विश्वासातल्या एकाला आत्ताच ऑथराइज्ड सिग्नेटरी, म्हणजे त्या खात्यावर सही करायचा अधिकार असलेला माणूस, करून ठेवा, भीती वाटत असेल तर रकमेची मर्यादा घाला. पॉवर ऑफ अटर्नीचं म्हणाल तर बऱ्याच देशांत साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समजण्याची क्षमता गेली की आपोआप संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी निरुपयोगी. क्षमता गेल्यावरही चालू राहणारा प्रकार काही ठिकाणी असतो, तो तुमच्याकडे आहे का हे वकिलाला स्पष्ट विचारा, आणि धडधाकट असतानाच विचारा, कारण नंतर तुमची सही ग्राह्यच धरली जात नाही.

आता विमा. आजारपणामुळे किंवा अपघातामुळे काम करता येत नसेल तर उत्पन्नाच्या जागी पैसे देते ती डिसॅबिलिटी इन्कम पॉलिसी, तिचे पैसे घरखर्चाला येतात, आणि धंद्याच्या खर्चासाठी वेगळी बिझनेस ओव्हरहेड एक्स्पेन्स पॉलिसी असते, सगळीकडे मिळत नाही पण जिथे मिळते तिथे भाडं, पगार, वीजबिल असले खर्च ती साधारण 12 ते 24 महिने देते, मालकाचं स्वतःचं उत्पन्न त्यात सहसा धरत नाहीत. काम बंद पडल्यापासून पॉलिसी लागू होईपर्यंतचा वेटिंग पिरियड बहुतेक 30, 60 किंवा 90 दिवसांचा असतो आणि पैसे बऱ्याचदा महिना भरल्यावर मिळतात, म्हणजे 90 दिवसांचा घेतलात तर चार महिन्यांचा खर्च हाताशी पाहिजेच.

पॉलिसीतली व्याख्या तर मी म्हणेन प्रीमियमच्याही आधी वाचा. एखाद्या डेंटिस्टचा हात थरथरायला लागला तर त्याला रूट कॅनाल करता येणार नाही, पण कॉलेजात शिकवता येईल. 'स्वतःचा व्यवसाय करता येत नाही' अशी व्याख्या असेल तर त्याला पैसे मिळतील, 'कुठलंच काम करता येत नाही' अशी असेल तर बहुधा क्लेम नाकारतील. माणूस तोच, आजार तोच, फक्त एक ओळ वेगळी.

पार्टनर असेल तर करारात लिहून घ्या की किती महिने काम जमलं नाही तर हिस्सा विकायचा, किंमत कशी ठरवायची, पैसे कुठून येणार. हे आजारपणात बोलायला गेलं की चांगली नाती तुटतात हो.

आणि लोन. कंपनी लिमिटेड आहे म्हणजे घर सुरक्षित असं बरेचजण धरून चालतात, पण लहान धंद्याला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा मालकाची पर्सनल गॅरंटी घेते, मग हप्ते थकले की वसुली थेट मालकाच्या घरापर्यंत येऊ शकते. तुम्ही कशावर सह्या केल्यात ते कागद एकदा काढून बघा आणि घरच्यांनाही दाखवा. हप्ता थकण्याआधी बँकेशी बोललं तर मुदत वाढवून मिळायची शक्यता तरी असते, पण त्यासाठी कुठलं लोन, कुठली ब्रँच, कुणाला भेटायचं हे घरात तुमच्याशिवाय अजून एकाला माहीत पाहिजे.